समोरचं रान

१२ डिसेंबर २००४, रविवार

दौंडला पोचलो एकदाचा. शिरूरहून एस.टी. खच्चून भरलेली, न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, पण मला कशाचंच काही वाटलं नाही. नोकरीवर निघालेल्या माणसाला गर्दी जाणवत नाही. अम्मीनं डब्यात दिलेले कबाब एका म्हाताऱ्याला दिले, त्यानं सरकून मला बसायला जागा दिली. सौदा बरा झाला.

सावळाराम सोनवणे सरांचं घर रेल्वे कॉलनी संपते तिथं, नदीकडच्या रस्त्यावर आहे. दारात बोगनवेल, आत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि भिंतभर विमानांची चित्रं. सरांचे वडील इथंच इंजिनवर फायरमन होते. सर मात्र आधी हवाई दलात आणि मग मोठ्या शहरांत सिम्युलेटरवर शिकवत राहिले. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान. वैमानिक पुढं बसायचे आणि सर मागं बसून त्यांच्या इंजिनाला आग लावायचे, चाकं अडकवायचे. मी आयुष्यभर लोकांना संकटं वाटली, असं सर स्वतःच म्हणाले. म्हणताना हसले नाहीत.

आता निवृत्तीनंतर त्यांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं सिम्युलेटर उभं केलंय. भंगारात काढलेल्या लहान विमानाचं नाक आणि केबिन आणली आहे. खुर्ची, दांडा, काटे, सगळं खरं. फक्त खिडकीबाहेर काही दिसत नाही. ते दाखवणं हे माझं काम. सत्तारमामूंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी विमानाचा गेम खेळत होतो, तेव्हा सर मागं हात बांधून बराच वेळ बघत उभे होते आणि मग विचारलं, दौंडला येतोस का.

सरांची थोरली बहीण पुतळाबाई घर सांभाळतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. पिठलं-भाकरी वाढताना त्यांनी एवढंच सांगितलं, की मशीन कुठं पळून जात न्हाई, आधी पोटभर जेव.

गच्चीवरच्या खोलीतून यार्डातली इंजिनं दिसतात. फार आवडलं हे घर.

१६ डिसेंबर

प्रोजेक्टर लागला. केबिनच्या पुढची भिंत पांढरी केली, तिच्यावर आकाश आणलं. मामूंकडचाच गेम आतून जोडलाय. त्यात खरेपणाची एक पट्टी असते. माउसनं डावीकडं ओढली की विमान सोपं, काही केलं तरी सावरतं. उजवीकडं ओढली की खऱ्यासारखं अवघड. सरांनी ती उजव्या टोकाला न्यायला लावली आणि पुन्हा हात लावू नको म्हणाले.

मग मला उडवायला सांगितलं. मी आपला सवयीनं पुलाखालून काढायला गेलो आणि खांबावर आदळलो. हसू आलं. नव्यानं सुरू करायला हात पुढं केला, तर सरांनी मागून सगळे दिवे घालवले. अंधारात तसाच बसवून ठेवलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझ्यामागं माणसं बसली होती. ती आता नाहीत. गंमत बाहेर अंगणात कर. इथं जे करशील त्याची हाताला सवय लागते."

कान गरम झाले माझे. पण मनात म्हटलं, मजाच नसेल तर कोण शिकेल?

२४ डिसेंबर

आठवडाभर देखावा काढतोय. धावपट्टी, तिच्या टोकाला नांगरलेलं मोकळं रान, पलीकडं ऊस, भीमेचा पूल, कारखान्याचं धुराडं. बांध आणि झाडंसुद्धा हातानं काढली. माणसं तेवढी काढली नाहीत, कॉम्प्युटर जड होतो.

आज सरांची विद्यार्थिनी आली. गौतमी, पाटसची. वडील कोंडिबा साखर कारखान्यात फिटर. तिला शिष्यवृत्ती मिळालीय, परराज्यातल्या एका फ्लाइंग क्लबात शिकते. सुट्टीला आलीय. मला लगेच रिजवानभाई म्हणायला लागली. आक्कांना स्वयंपाकघरात जाऊन मिठी मारते.

२७ डिसेंबर

आज गौतमीचा धडा बघितला. विमान नुकतंच उचललेलं असतं, उंची नसते आणि सर मागून इंजिन बंद करतात. अशा वेळी एकच करायचं. नाक खाली करायचं आणि समोर जे रान असेल त्यात उतरायचं. मागं धावपट्टी असते म्हणून वळायचा मोह होतो. वळलं की वेग जातो, एक पंख गळतो आणि विमान दगडासारखं पडतं. सर म्हणाले, त्यांच्या ओळखीची चांगली चांगली माणसं त्या वळणात गेली.

गौतमी वळली. पडली. सर म्हणाले, "मेलीस. बस आता तशीच." दिवे गेले.

पुन्हा वळली. पुन्हा अंधार. दिवसभर हेच. संध्याकाळी बाहेर आली ती थेट आक्कांकडं स्वयंपाकघरात गेली.

३० डिसेंबर

दुपारी सर जेवून आडवे झाले. गौतमी केबिनमधून उठलीच नाही. मला म्हणाली, रिजवानभाई, आता झोपेतसुद्धा मी पडतेच. पाटसला घरी सगळ्यांना वाटतं पोरगी विमान चालवते आणि इथं मी नुसती मरते.

मला बघवेना. मी कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसलो आणि पट्टी डावीकडं ओढली. अगदी सोप्यावर. तिला सांगितलं नाही.

इंजिन बंद केलं. ती वळली आणि विमान अलगद मागं फिरून धावपट्टीवर उतरलं. ती ओरडायचीच बाकी होती. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "जमलं की हो मला."

मी म्हटलं, जमणारच.

सर उठायच्या आत पट्टी उजवीकडं नेऊन ठेवली. वाईट काय त्यात? मजा आली की भीती जाते.

६ जानेवारी २००५

रोज दुपारी आमची ती गंमत चालते. सरांसमोर ती आता निमूट सरळ जाते, रानात उतरते. सर खूश आहेत. भीती गेलेली दिसते म्हणाले. दुपारी ती वळते, उतरते आणि आम्ही हसतो. तिच्या हसण्याची मला सवय लागलीय, हे इथं लिहायला हरकत नाही.

आज निघताना म्हणाली, सरांना सरळ जाणं आवडतं, पण मला वळणं जमतं, हे आपल्या दोघांनाच माहीत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती इतकी आनंदात होती. आणि सांगितलं असतं, तर माझ्याकडं कुठल्या नजरेनं बघितलं असतं तिनं?

उद्या ती क्लबात परत जातेय. पुढच्या सुट्टीत सांगेन.

२४ जानेवारी

बकरी ईदला शिरूरला जाऊन आलो. ईदच्या दिवशी गौतमीचा मामूंच्या दुकानावर फोन आला होता. एकटीनं विमान उडवायला लागलीय. अम्मीनं विचारलं कोण ही. मी म्हटलं सरांची विद्यार्थिनी. अम्मी गालात हसली.

४ फेब्रुवारी

गौतमी गेली.

सकाळी सरांना क्लबातून फोन आला. विमान उचललं आणि इंजिन बंद पडलं. समोर नांगरलेलं मोकळं रान होतं. ती वळली.

सर फोन ठेवून तसेच उभे राहिले. म्हणाले, का वळली असेल?

मी खाली बघत होतो.

१२ फेब्रुवारी

पाटसला गौतमीच्या जलदान विधीला गेलो होतो. वंदना चालली होती, मी मागं भिंतीला टेकून उभा. संपल्यावर कोंडिबा माझ्याकडं आले. मला वाटलं, यांना कळलंय. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"पोर सांगायची, तिथं रिजवानभाई हायेत, ते हसवत्यात मला. लई घाबरायची ओ ती. तुमच्यामुळं तिची भीती मोडली. तुमचं उपकार न्हाई इसरायचो."

मी त्यांचे हात सोडवून घेतले नाहीत. मान हलवली. मान हलवली मी! त्यांचं आभार मानणं मी घेतलं.

१४ फेब्रुवारी

सर शेडमध्ये जात नाहीत. आज ओसरीवर बसून म्हणाले, चूक माझी. मी तिला नुसतं भिववलं, शिकवलं नाही. माझ्यासमोर सरळ जायची ती माझ्या धाकानं. वर धाक नव्हता.

आक्का म्हणाल्या, असं नको म्हणू. सर म्हणाले, दुसरं काय कारण असणार?

कारण समोर बसून चहा पीत होतं.

आक्कांच्या हातचं जेवण आता गिळवत नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगतो. त्या ओव्याचं पाणी करून देतात, ते तर आणखीच जड जातं.

२२ फेब्रुवारी

सरांनी पुन्हा सुरू केलं. रेल्वे कॉलनीतला सतीश येतो. लाइनमनचा मुलगा, गौतमीच्याच क्लबात एक तारखेला निघालाय. सर त्याच्यावर ओरडत नाहीत. दिवेही घालवत नाहीत. त्यांचा तो मऊ आवाज ऐकवत नाही मला.

पट्टी उजव्या टोकाला आहे. मी रोज बघतो.

२४ फेब्रुवारी

आज इंजिन बंद केल्यावर सतीश वळला. पट्टी उजवीकडं होती. तो पडायला हवा होता. विमान अलगद फिरलं आणि धावपट्टीवर उतरलं.

सर माझ्याकडं बघायला लागले. मी पट्टी दाखवली. उजवीकडंच.

सतीशला विचारलं का वळलास. म्हणाला, "सर, समोर रानात बाई उभी होती. तिच्या अंगावर विमान कसं घालू?"

टेबलावरच्या पडद्यावर तोच देखावा दिसतो. रान मोकळं होतं. सरांनी बघितलं, मीही बघितलं.

२५ फेब्रुवारी

देखाव्याची सगळी फाइल उघडून तपासली. बांध, झाडं, धुराडं. माणूस एकही नाही. मी काढलंच नव्हतं.

सतीश आज पुन्हा वळला. पुन्हा सुखरूप उतरला. हसत बाहेर आला. म्हणाला, वळायला भीती वाटत नाही आता.

तेच हसू. तसंच.

२६ फेब्रुवारी

सर आक्कांबरोबर बाजारात गेले तेव्हा मी स्वतः बसलो. भर दुपार. पत्रा तापून कडकड वाजत होता. इंजिन आपोआप बंद पडेल असं लावून ठेवलं.

बंद पडलं. नाक खाली केलं. समोर रान.

तिथं ती उभी होती. क्लबाचा पांढरा शर्ट. एक हात डोळ्यांवर धरलेला, रानातली माणसं विमान बघायला धरतात तसा. कोण येतंय ते बघत होती.

मी वळलो. विमानानं मला सांभाळून मागं आणलं. एवढं अलगद, की खुर्चीला धक्कासुद्धा नाही.

जिथं तिनं उतरायचं होतं, तिथं ती उभी आहे.

२७ फेब्रुवारी

सतीश परवा जाणार. सांगायला हवं.

दोनदा सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत सर गौतमीचा फोटो चौकटीत बसवत होते. परत आलो.

भूत बघितल्याची भीती नाही वाटत एवढी. सरांनी मान वर करून माझ्याकडं बघण्याची वाटते.

लाज वाटते अम्मीची. आक्कांची. कोंडिबांच्या त्या हातांची.

२८ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी, ओसरीवर. सगळं. पट्टीचं, दुपारचं, पाटसला मान हलवल्याचं. आक्का भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. सरांनी उठून चपला घातल्या. म्हणाले, चल, आधी त्या पोराकडं.

सतीशच्या घरी, त्याच्या आईसमोर मला पुन्हा सांगायला लावलं. ती माउली मला पाणी द्यायला उठली होती. ऐकता ऐकता तांब्या खाली ठेवला. पाणी दिलं नाही. बरोबर केलं.

सरांनी सतीशला बजावलं, माझ्या शेडमध्ये जे शिकलास ते खोटं आहे. क्लबात फोन लावून सांगितलं, याला मी सांगेपर्यंत एकट्याला सोडू नका. सतीश सध्या जात नाही. तेवढं झालं.

परतताना सर वाटेत एकच बोलले. "तिच्या बापाला तूच सांगायचं."

१ मार्च

सतीशला सरळ जायला शिकवायला सरांनी बसवलं. सगळं माहीत असूनही तो वळला. रडायला लागला. म्हणाला, सर, ती हलतच नाही.

मग सर स्वतः बसले. मी टेबलाशी. पडद्यावर मोकळं रान.

सर वळले.

आयुष्यभर लोकांना वळू नका सांगणारा माणूस. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. कुणाकडं न बघता घरात गेले.

२ मार्च

सांगितल्यापासून आक्का आज प्रथमच बोलल्या माझ्याशी. "ती सतीशची वाट न्हाई बघत, आन् सावळ्याची बी न्हाई. तुला ठावं हाय कुणाची बघतीय."

हो.

३ मार्च

केबिनमध्ये बसून लिहितोय. वही मांडीवर, प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी. सर मागं टेबलाशी आहेत. पट्टी उजवीकडं, सरांनी मला दाखवून लावली. उद्या पाटसला जायचंय, कोंडिबांकडं. त्याआधी एकदा तरी न वळता तिच्यासमोर उतरायचंय.

वळलो.

पुन्हा. डोळे मिटले होते, हात आपोआप वळले. सर म्हणाले, डोळे उघडे ठेव.

पुन्हा— ती जवळ आलीय. धावपट्टीच्या टोकाशी. शर्टावर माती आहे.

वळलो. विमान किती सांभाळतं मला. का सांभाळतं—

सर म्हणतात राहू दे आता, उद्या बघू. नाही म्हटलं. उद्या तिच्या बापासमोर उभं राहायचंय. आज हिच्यासमोर वळलो तर उद्या—

तिनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

ओळखलं मला. हसत नाही. रागावलेली नाही. नुसती बघते, मी काय करतो ते—

पुन्हा धावपट्टीवर आहे. सरांनी इंजिन सुरू केलं. पेन खाली ठेवतो. आता मी वळणार नाही—